छोटा संगणक आणि आज्ञावलीची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



गावातील कोणत्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु त्याच गावातील शाळेच्या टेबलावर जो संगणक ठेवलेला आहे त्यात चालणाऱ्या आज्ञावलीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मुख्याध्यापक विचारीत नाहीत, शिक्षणाधिकारी विचारीत नाहीत, आणि खरे सांगावयाचे तर समाजवादी चळवळीतील कार्यकर्त्यांनीही तो फारसा विचारलेला नाही. यंत्र विकत घेतले म्हणजे त्याच्या पोटातले सारे आपले झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. यंत्र विकले जाते. आज्ञावली बहुधा विकली जात नाही, ती वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. पैसे मोजणारा मालक होत नाही, कूळ होतो. आणि तेही कूळकायद्याचे कोणतेच संरक्षण नसलेले कूळ. खंडाच्या अटी जमीनदाराने एकतर्फी लिहिलेल्या असतात आणि त्या न वाचताच त्याखाली संमतीचे बटण दाबलेले असते.

या विषयाला कारागिरी आणि कायदा अशी दोन अंगे आहेत. कारागिरीचे अंग थोडक्यात सांगता येते. माणूस जी आज्ञावली लिहितो ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत असते. तिला मूळ संहिता किंवा कारागिरांच्या बोलीत सोर्स कोड म्हणतात. यंत्राला चालविण्यासाठी तिचे रूपांतर आकड्यांच्या लांबच लांब माळेत केले जाते. ही माळ यंत्राला कळते, माणसाला जवळजवळ कळत नाही. ज्याच्याजवळ केवळ माळ आहे तो आज्ञावली वापरू शकतो. तिच्यातील चूक दुरुस्त करणे, तिला मराठी शिकविणे, किंवा ती आपल्या पाठीमागे काय उद्योग करते हे तपासणे त्याला शक्य होत नाही. म्हणून संहिता कोणाच्या हाती राहते यावर पुढचे सर्व राजकारण अवलंबून असते.

या राजकारणाची सुरुवात कोठे झाली हे फार नेमकेपणाने सांगता येते. १९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाने आल्टेअर ८८०० नावाच्या यंत्राचे चित्र मुखपृष्ठावर छापले. सुट्या भागांच्या रूपात सुमारे ४०० डॉलरला मिळणारे हे यंत्र ज्याचे त्याने घरी जोडावयाचे होते. तोवर संगणक म्हणजे बँकांची, विद्यापीठांची आणि लष्कराची मिरासदारी होती. आता तो गॅरेजमध्ये आला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे हौशी मंडळींचा होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला. तेथे जो येई तो आपले ज्ञान घेऊन येई आणि दुसऱ्याचे घेऊन जाई. आज्ञावल्या कागदी फितीवर भोके पाडून साठविल्या जात, आणि एका फितीच्या प्रती काढणे हे शेजाऱ्याला विरजण देण्याइतके स्वाभाविक मानले जाई.

आल्टेअरसाठी बेसिक ही भाषा बिल गेट्स, पॉल ॲलन आणि मॉन्टे डेव्हिडॉफ या तरुणांनी तयार केली. तिची एक फीत क्लबातल्या कोणाच्या तरी हाती लागली, तिच्या पन्नासेक प्रती निघाल्या आणि पुढच्या बैठकीत त्या वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे गेट्स यांचे हौशी संगणककारांना उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र त्यानंतरचे आहे. आल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतली, मिळालेल्या स्वामित्वधनाचा हिशेब केला तर आपल्या श्रमांचे मोल ताशी दोन डॉलरांहून कमी पडते, आणि फुकट प्रती काढणारे लोक चोर आहेत, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र लिहिणाऱ्याचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते.

या पत्राची समाजवादी मंडळी थट्टा करतात. तसे करू नये. त्यातला प्रश्न श्रमाचा आहे आणि तो रास्त आहे. रात्रंदिवस खपून एखादी वस्तू निर्माण करणाऱ्याने खायचे काय? श्रमाला मोल असावे असे म्हणणाऱ्या चळवळीला हा प्रश्न टाळता येणार नाही. परंतु त्याच पत्रात हिशेबाची दुसरी बाजूही आहे. आपण वापरलेल्या संगणक-वेळेची किंमत ४०,००० डॉलरांवर जाते, असे गेट्स यांनी लिहिले होते. हा वेळ कोठचा? सुरुवातीचे काम हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या यंत्रावर झाले, आणि त्या यंत्राचा भार अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन-निधीवर होता. बेसिक ही भाषाही त्यांची नव्हे. ती १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन अध्यापकांनी निर्माण केली आणि तिचा वापर सर्वांना खुला ठेवला. त्या कामाला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे अनुदान होते. म्हणजे बियाणे सार्वजनिक, पाणी सार्वजनिक, नांगरट तेवढी खाजगी. आणि पीक मात्र शंभर टक्के खाजगी. श्रमाचा मोबदला मागणे निराळे आणि त्या श्रमाच्या निमित्ताने सामाजिक ज्ञानाभोवती कुंपण घालणे निराळे. त्या पत्रात या दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या, आणि पुढील अर्धशतक त्या तशाच बांधलेल्या राहिल्या.

हौशी मंडळींनी दिलेले उत्तर जास्त बोलके आहे. पीपल्स कॉम्प्युटर कंपनी हे नाव ऐकून कोणी भांडवलशहांची कंपनी समजेल. प्रत्यक्षात तो बॉब अल्ब्रेख्त, डेनिस ॲलिसन प्रभृतींचा लोकशिक्षणाचा उद्योग होता. त्यांनी आपल्या पत्रिकेतून टायनी बेसिकचा आराखडा छापला आणि वाचकांनी आपापल्या यंत्रासाठी ती लिहून संहिता परत छापण्यासाठी पाठवावी असे सुचविले. यातून १९७६ च्या जानेवारीत डॉ. डॉब्ज जर्नल हे मासिक जन्मास आले. त्यात ली-चेन वांग यांची जेमतेम दोन किलोबाइटांत बसणारी टायनी बेसिक छापली गेली. सर्व हक्क राखून ठेवल्याची जी ठरावीक ओळ ग्रंथांवर असते तिची मोडतोड करून, सर्व चुका राखून ठेवल्या आहेत असे त्यांनी लिहिले, आणि कॉपीराइट या शब्दातील उजव्याच्या जागी डावा घालून ‘कॉपीलेफ्ट’ असा शब्द योजिला. टॉम पिटमन यांनी तर आपली टायनी बेसिक पाच डॉलरला विकावयास काढली आणि ती लोकांनी घेतलीही. किंमत माफक असली तर माणसे चोरी करीत बसत नाहीत, हे त्यातून दिसले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही: एका जादा प्रतीचा खर्च जेथे शून्याजवळ आहे, तेथे भारी किंमत टिकविण्यासाठी कायद्याचा दंडुका लागतोच.

तो दंडुका लवकरच मिळाला. अमेरिकेत १९८० मध्ये कायदा दुरुस्त होऊन आज्ञावल्यांना स्वामित्वहक्काचे कवच स्पष्टपणे लाभले. तरीही यंत्रातच कोरलेली आकड्यांची माळ, जी कोणी माणूस वाचत नाही, तिला साहित्यकृती म्हणावयाचे काय, ही शंका उरली होती. ॲपल कंपनीने फ्रँकलिन या कंपनीविरुद्ध लावलेल्या दाव्यात १९८३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती निकालात काढली. फ्रँकलिनने ॲपलच्या यंत्रातील आज्ञावल्या उतरवून घेतल्याचे नाकारलेच नव्हते; त्यांचे म्हणणे इतकेच की त्यांना संरक्षण नाही. न्यायालयाने ते मानले नाही. हा निकाल कायद्याच्या दृष्टीने चूक होता असे म्हणता येत नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की संहिता दडवून ठेवावयाची आणि माळ विकावयाची, हा धंद्याचा राजमार्ग ठरला. ग्रंथाला स्वामित्वहक्क देताना समाजाला तो ग्रंथ वाचावयास तरी मिळतो. येथे हक्क मिळाला, आणि वाचणे मात्र बंद झाले.

या कोंडीतून वाट काढली ती एमआयटीतील रिचर्ड स्टॉलमन यांनी. तेथील प्रयोगशाळेला भेट मिळालेल्या झेरॉक्सच्या मुद्रणयंत्राची संहिता मिळेना, म्हणून कागद अडकल्याची सूचना देण्याची साधी सोय त्यांना करता आली नाही. एवढ्याशा निमित्ताने त्यांच्या मनात जे पेटले ते पुढे विझले नाही. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले आणि १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे सार्वजनिक परवाना, प्रसिद्ध केला. त्याची सर्वाधिक प्रचारात आलेली दुसरी आवृत्ती १९९१ ची.

या परवान्याची युक्ती काट्याने काटा काढण्याची आहे. स्वामित्वहक्क सोडून दिला तर कोणीही येऊन त्या मोकळ्या जमिनीला कुंपण घालील. म्हणून हक्क सोडावयाचा नाही. तो स्वतःकडे ठेवून त्याच्याच जोरावर अट घालावयाची. आज्ञावली हवी तशी चालवा, अभ्यासा, बदला, वाटा, विकासुद्धा. परंतु दुसऱ्याला देताना मूळ संहिता द्या आणि तुम्हाला मिळालेले सर्व अधिकार त्यालाही याच परवान्याने द्या. अट मोडलीत तर परवाना गेला, आणि परवान्यावाचून प्रत वाटणे म्हणजे सरळ हक्कभंग. खाजगी मालमत्तेच्या कायद्यातील शस्त्र उचलून त्याचेच टोक उलट फिरविण्याचे इतके नीटस उदाहरण आधुनिक कायद्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, मुक्त. मराठीत हे दोन शब्द निराळे आहेत हे मराठीचे भाग्य; इंग्रजीभाषकांची या एका शब्दापायी अतोनात वादावादी झाली आहे.

घरगुती संगणकावर हा परवाना आला तो लिनक्समुळे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ यंत्रासाठी कार्यप्रणालीचे गाभाकाम लिहिले. त्यापूर्वी अँड्र्यू टॅनेनबाम या प्राध्यापकांची मिनिक्स उपलब्ध होती. ग्रंथाबरोबर तिची संहिता मिळे, परंतु प्रकाशकाच्या परवान्यामुळे ती सुधारून मोकळेपणी वाटता येत नसे. लिनक्सचा पहिला परवाना तर आणखी कडक होता. वाटण्यासाठी एक पैही घ्यावयाची नाही, अशी त्यात अट होती. ही अट वरकरणी फार समाजवादी दिसते. प्रत्यक्षात तिने प्रसारच अडला. बैठकांत फ्लॉपींवर प्रती करून देणाऱ्यांना फ्लॉपीचा खर्चही वसूल करता येईना. म्हणून १९९२ च्या आरंभी टोरवाल्ड्स यांनी सार्वजनिक परवाना स्वीकारला. विक्रीला बंदी घालणे आणि मक्तेदारीला बंदी घालणे या भिन्न गोष्टी आहेत, हे त्या तरुणाला चार महिन्यांत उमगले. काही पक्षांना त्यासाठी चार दशके लागली आहेत.

सर्वच खुल्या परवान्यांत ही परत देण्याची अट नसते. बर्कली विद्यापीठाच्या किंवा एमआयटीच्या नावाने ओळखले जाणारे परवाने लेखकाच्या नावाचा आणि परवान्याचा उल्लेख राखा, एवढेच सांगतात. पुढे संहिता दडविली तरी चालते. गायरानाची उपमा येथे चपखल बसते. पहिल्या प्रकारच्या परवान्यात गुरे चारावयाची तर शेणखत गायरानातच टाकले पाहिजे. दुसऱ्या प्रकारच्या परवान्यात चारा खाऊन खत आपल्या शेतात नेण्यास मुभा आहे. मोठ्या कंपन्यांचा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे का असतो, हे सांगावयास नको. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात जमलेल्या काही मंडळींनी ‘फ्री’ हा शब्द टाकून ‘ओपन सोर्स’ हे नाव धारण केले, तेही धंदेवाल्यांना बिचकावयास नको म्हणून. त्या नावाने प्रसार वाढला हे मान्य केलेच पाहिजे. परंतु स्वातंत्र्याचा प्रश्न जाऊन सोयीचा प्रश्न पुढे आला.

परवाने कागदावरच राहिले असते तर एवढा ऊहापोह करण्याचे कारण नव्हते. २००३ मध्ये लिंकसिस या कंपनीच्या घरगुती राउटरमध्ये, म्हणजे तळहाताएवढ्या आणखी एका संगणकात, लिनक्स चालते असे काही जाणत्यांच्या ध्यानात आले. सिस्को या बड्या कंपनीने लिंकसिस नुकतीच विकत घेतली होती. राउटरची आज्ञावली तिने स्वतः लिहिली नव्हती. चिप बनविणाऱ्याने ते काम तैवानमधील एका कंपनीकडे सोपविले होते. कंत्राटदाराच्या खालचा कंत्राटदार, त्याच्या खालचा मुकादम. जबाबदारी कोणाचीच नाही, हे गिरणगावाला आणि ऊसतोडीला परिचित असलेले चित्र तेथेही होते. परंतु परवान्याची अट वस्तू वाटणाऱ्यावर येऊन पडते, त्यामुळे सिस्कोला हात झटकता आले नाहीत. संहिता प्रसिद्ध करावी लागली, आणि तिच्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्यावर आज जगभर असंख्य स्वस्त राउटर चालतात.

दुसरे उदाहरण खेळण्यातल्या आगगाड्यांचे आहे, आणि ते कायद्याच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. रॉबर्ट जेकबसेन या पदार्थवैज्ञानिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळण्यातल्या रेल्वे चालविणारी आज्ञावली खुल्या परवान्याने दिली होती. कॅटझर नावाच्या व्यापाऱ्याने तिचा भाग लेखकांची नावे गाळून आपल्या मालात घातला. फुकट दिलेल्या वस्तूच्या अटी मोडल्याने नुकसान ते काय झाले, असा युक्तिवाद झाला. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितले की पैसा न घेता दिलेल्या हक्कातही आर्थिक हित असू शकते, आणि अशा अटी मोडणे हा केवळ करारभंग नव्हे तर स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. बाजारात किंमत नसलेल्या वस्तूलाही मोल असते, हे अर्थशास्त्राच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवावयाचे सूत्र न्यायालयाच्या तोंडून वदविण्यासाठी दोन-अडीच वर्षे खर्ची पडली.

आता भारताकडे वळू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने आज्ञावलीला साहित्यकृतीत स्थान मिळाले आणि १९९४ च्या, म्हणजे मे १९९५ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कायदा अधिक धारदार झाला. ६३ ब या कलमाप्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालयाला सौम्य होता येते, एवढीच सवलत. दुसऱ्या बाजूला ५२ व्या कलमात काही उदार तरतुदीही आहेत. कायदेशीर रीतीने मिळालेल्या आज्ञावलीची जपणूक-प्रत काढणे, ती कशी चालते ते निरीक्षणाने अभ्यासणे, दुसऱ्या आज्ञावलीशी तिचा मेळ बसविण्यास लागणारी माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल तर ती शोधून काढणे, हे हक्कभंगात मोडत नाही. या तरतुदी बहुतेक शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना ठाऊकच नसतात. धमकीचे कलम सर्वांना पाठ, अधिकाराचे कोणालाच नाही. हे आपल्याकडे बहुतेक कायद्यांचे होते.

सतराव्या कलमाकडे कामगार चळवळीने विशेष लक्ष द्यावयास हवे. नोकरीच्या कराराखाली, कामाच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हिंजवडीत किंवा बंगळुरूला बसून जे हजारो तरुण रात्रपाळीत आज्ञावल्या लिहितात त्यांच्या नावावर त्यांनी लिहिलेली एक ओळही नसते. त्यामुळे असा तरुण रविवारी एखाद्या मुक्त प्रकल्पाला हातभार लावू इच्छितो तेव्हा नेमणूकपत्रातील कलमे आधी वाचावी लागतात. काही नेमणूकपत्रे सुट्टीच्या दिवशीच्या बुद्धीवरही हक्क सांगतात. गेट्स यांनी १९७६ मध्ये प्रोग्रामरच्या श्रमाचा जो प्रश्न काढला होता त्याचे उत्तर मालकीच्या कायद्याने असे दिले: हक्क प्रोग्रामरच्या धन्याला.

आणखी एक बारकावा आहे, आणि त्याची चर्चा वकिलांच्या बाहेर झाली पाहिजे. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजावा, असे एकोणिसावे कलम सांगते; आणि ३० अ कलमाने त्या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू केल्या आहेत. हे कलम भोळ्या लेखकाला प्रकाशकाच्या तावडीतून सोडविण्यासाठी आहे, आणि त्या दृष्टीने ते स्तुत्यच आहे. परंतु ज्या खुल्या परवान्यांत मुदतीचा उल्लेख नाही त्यांचे काय? सार्वजनिक परवान्याच्या १९९१ च्या आवृत्तीत मुदत सांगितलेली नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत स्वामित्वहक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी असे स्पष्ट लिहिले आहे. पाच वर्षांनंतर अनुदार झालेल्या लेखकाने वा त्याच्या वारसाने भारतातील वापरकर्त्याकडे बोट दाखविले तर शब्दशः वाचणारा वकील त्याला आधार काढून देऊ शकेल. दुर्बळाच्या रक्षणासाठी केलेले कलम दुर्बळांच्या सामाईक ठेव्याला अडचणीचे ठरू नये, यासाठी दोन ओळींचा अपवाद पुरेसा आहे. २०१२ मध्ये कायद्याची मोठी दुरुस्ती झाली तेव्हा तो घालता आला असता.

भारतात छोट्या संगणकाचा स्वतंत्र प्रयोग झालाच नाही असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अध्यापकांनी एनकोअर या कंपनीतील अभियंत्यांसमवेत सिम्प्युटर नावाचे हातात मावणारे यंत्र २००१ मध्ये जगापुढे मांडले. ते लिनक्सवर चाले, भारतीय भाषांतील मजकूर बोलून दाखवी, आणि स्मार्ट कार्डाच्या सोयीमुळे एक यंत्र साऱ्या गावाने आळीपाळीने वापरावे अशी त्यामागे कल्पना होती. किंमत ९,००० रुपयांच्या आसपास ठेवण्याचा मानस होता. परंतु खरी मौज यंत्रात नव्हती, परवान्यात होती. आज्ञावलीसाठी सार्वजनिक परवाना होताच. यंत्राच्या आराखड्यासाठीही सिम्प्युटर जनरल पब्लिक लायसन्स असा निराळा परवाना त्यांनी तयार केला. आराखडा घेऊन कोणीही यंत्र बनवावे, त्यासाठी विश्वस्त मंडळाला शुल्क द्यावे, विकसनशील देशांतील उत्पादकांना ते कमी असावे, आणि केलेली सुधारणा काही काळाने मंडळाकडे परत यावी. म्हणजे सुधारणा करणाऱ्याला थोडी आघाडी मिळावी, पण कायमची मिरासदारी मिळू नये. आज यंत्राच्या खुल्या आराखड्यांचा जगभर गाजावाजा होतो, त्याच्या कितीतरी आधी हे भारतात घडले होते.

सिम्प्युटर चालला नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सने २००४ मध्ये त्याचा अमिडा हा अवतार बाजारात आणला, परंतु खप काही हजारांच्या पुढे गेला नाही. अपयशाचे खापर परवान्यावर फोडणारे लोक आहेत; ते बरोबर दिसत नाही. सरकारांनी कौतुक केले, मोठ्या मागण्या नोंदविल्या नाहीत. मागणीवाचून उत्पादन थोडे, उत्पादन थोडे म्हणून किंमत चढी, आणि किंमत चढी म्हणून मागणी नाही. शिवाय मोबाइल फोन स्वस्त होत चालला होता. परवाना चांगला असून भागत नाही, गिऱ्हाईकही लागते. आणि ज्या वस्तूचे गिऱ्हाईक गरीब असते तिचे पहिले गिऱ्हाईक शासनाने व्हावे लागते.

एका लढाईत मात्र डाव्या शक्तींना यश आले, आणि ते विसरले जाऊ नये. २६ डिसेंबर २००४ च्या पेटंट वटहुकमाने आज्ञावल्यांना पेटंट देण्याचा दरवाजा किलकिला केला होता. पेटंट हे स्वामित्वहक्काहून जाचक. तेथे मजकूर न उतरविताही, स्वतंत्रपणे तीच कल्पना सुचली तरी माणूस दोषी ठरतो. तेव्हाचे केंद्र सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते. २००५ च्या मार्चमध्ये कायदा संमत झाला त्यात ते शब्द नव्हते. संसदेतील थोड्या जागा नेमक्या ठिकाणी लावल्या तर काय साधते याचे हे उदाहरण आहे. पुढे कचेरीतील मार्गदर्शक सूत्रांच्या वाटेने तोच दरवाजा ढकलण्याचे प्रयत्न झाले, ही गोष्ट निराळी.

मराठीपुरते बोलावयाचे तर मालकीचा फटका सर्वांत जास्त अक्षरांना बसला. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक कंपनीच्या टंकाची आकडेवारी निराळी होती. एका टंकात जुळविलेला अग्रलेख दुसऱ्याच्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडे. साप्ताहिकांचे, ग्रंथांचे, कचेऱ्यांचे कितीतरी वर्षांचे मराठी असे कोणाच्या ना कोणाच्या टंकाच्या कोठडीत पडले. लिपी लोकांची, पण कोठडीची किल्ली विक्रेत्याकडे! भारत सरकारने इस्की ही सामाईक आकडेवारी ठरविली होती, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी तिच्याच १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे; तरीही विक्रेत्यांनी आपापली दावण सोडली नाही. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने लोहित हे टंक मुक्त परवान्याने दिले, पुढे पुण्यातील कचेरीतून त्यांची देखभाल झाली, आणि सामान्य माणसाला परवानगी न मागता मराठी लिहिता येऊ लागले.

या रेड हॅटचे पुढे काय झाले? २०१९ मध्ये तिला आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला विकत घेतले. हेच ते आयबीएम, ज्याने परकीय चलन कायद्याप्रमाणे आपल्या भारतीय शाखेतील भांडवली वाटा ४० टक्क्यांवर आणण्यास नकार दिला आणि १९७८ मध्ये, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, येथील गाशा गुंडाळला. त्यानंतर तिच्या यंत्रांची देखभाल सार्वजनिक क्षेत्रातील सीएमसीने केली; देश बंद पडला नाही. १९९२ मध्ये कंपनी परत आली, आणि २०२३ मध्ये तिच्या मालकीच्या रेड हॅटने आपल्या मुख्य लिनक्सची नेमकी संहिता ग्राहकांपुरती मर्यादित केली. हे परवान्यात बसते. सार्वजनिक परवाना ज्याला वस्तू दिली त्यालाच संहिता देणे बंधनकारक करतो. हजारो स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे राहून शेजारची वाट अरुंद करणे याला मराठीत आयजीच्या जिवावर बायजी उदार असेही म्हणता येणार नाही, कारण येथे उदारताही उरली नाही.

कुंपणाचे नवे प्रकारही निघाले आहेत. संहिता द्यावयाची, पण यंत्रालाच असे कुलूप घालावयाचे की बदललेली आज्ञावली त्यावर चालणारच नाही. टिवो या दूरचित्रवाणी-यंत्राने हे केले, आणि परवान्याच्या २००७ च्या आवृत्तीत त्याविरुद्ध कलम आले. लिनक्सचा गाभा मात्र जुन्याच आवृत्तीवर राहिला, म्हणून कुलूपबंद फोन खिशाखिशांत पोहोचले. २०१२ मध्ये ३५ डॉलरला निघालेला रास्पबेरी पाय शाळाशाळांत गेला तो मुक्त प्रणालीमुळे. तरी त्याला जागे करणाऱ्या आज्ञावलीची संहिता बंद आहे आणि तिचा परवाना ती त्याच यंत्रासाठी वापरण्याचे बंधन घालतो. हे यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. विद्यार्थ्यांना ते जरूर द्यावे, आणि बंद भाग कोणता हेही त्याच तासाला सांगावे.

शाळांच्या बाबतीत केरळचा अनुभव हाताशी आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल योजनेत आरंभी मालकीची प्रणाली होती. शिक्षक संघटना आणि मुक्त आज्ञावली चळवळ यांच्या रेट्याने ती बदलली. शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, पाठ्यपुस्तके त्याप्रमाणे लिहिली गेली आणि शालान्त परीक्षाही मुक्त प्रणालीवर होऊ लागली. महाराष्ट्रात त्याच वर्षी सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने लाखो तरुणांना संगणकाची तोंडओळख करून दिली, परंतु ती बहुतांशी एकाच कंपनीच्या खिडकीतून.

केंद्र सरकारचे २०१५ चे धोरण असे की शासकीय खरेदीत खुल्या आज्ञावलीचा विचार प्राधान्याने व्हावा आणि ती डावलली तर कारण नोंदवावे. जिल्हा परिषदेत वा नगरपालिकेत निवडून गेलेल्या कार्यकर्त्याला संगणक-खरेदीच्या ठरावावर हे कारण लेखी मागता येते. माहितीच्या अधिकाराखाली तर कोणालाही मागता येते. त्याच वर्षी शासनाने स्वतःच्या आज्ञावल्यांची संहिता खुली करण्याचे धोरणही जाहीर केले. त्याची कसोटी २०२० मध्ये लागली. एप्रिलमध्ये आरोग्य सेतू हा कार्यक्रम कोट्यवधी फोनांत उतरविण्यात आला, तेव्हा त्याची संहिता बंद होती. टीका झाली, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस अँड्रॉइड फोनातील भागाची संहिता खुल्या परवान्याने प्रसिद्ध झाली. जमा झालेली माहिती ज्या मध्यवर्ती यंत्रांवर जात होती, तेथील आज्ञावलीसाठी मात्र आणखी काही महिने वाट पाहावी लागली.